अव्वांच्या फोटोला घातलेला हार

आमच्या मालकांना प्रत्येक डिझाइनमध्ये काहीतरी बदलायला लागायचंच. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. कोल्हापुरात त्यांचं साड्यांचं चार मजली दुकान आहे आणि त्याच्या तळघरात, गठ्ठ्यांच्या शेजारी, आमचा डिझाइन विभाग. विभाग म्हणजे मी आणि माझ्या हाताखाली दोघं जण. मला अण्णा नावानं कधी हाक मारत नाहीत. 'आर्टिस्ट' म्हणतात. चांगल्या मूडमध्ये असले तरी आणि नसले तरी.

सुरुवातीला मी जीव ओतून काम करायचो. पैठणीचा पदर असा पसरायचो की मोराच्या पिसाचा रंग नीट कळावा. अण्णा स्क्रीनसमोर उभे राहायचे, पोटावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "सगळं बेस हाय आर्टिस्ट, पर हे मागचं लाल कर की." लाल केलं की पदर मेलाच. मी सांगून बघितलं, भांडून बघितलं. शेवटी माझ्या लक्षात आलं, अण्णांना लाल नको असतं. आपला हात लागलेला असावा, एवढंच त्यांना पाहिजे असतं.

मग मी मुद्दाम एक चूक ठेवायला लागलो. ढळढळीत. दुकानाचं नाव तिरकं, नाहीतर सवलतीचा गोल शिक्का नेमका बाईच्या नाकावर. अण्णांची नजर थेट तिथं जायची. "डोळं गहाण टाकल्यात व्हय रे?" असं ओरडून ते टेबलावर थाप मारायचे. मी मान खाली घालून चूक काढायचो. अण्णा खूश, आणि बाकीचं काम जसंच्या तसं पास.

ह्या चुकीला तळघरात आम्ही बकरा म्हणायचो. "आज बकरा कुठं बांधलाय?" असं आम्ही एकमेकांना विचारायचो आणि हसायचो. बकरा अण्णांना चष्म्याशिवाय दिसला पाहिजे आणि मला एका क्लिकमध्ये काढता आला पाहिजे, हे दोनच नियम. तळघराबाहेर ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. निदान मी तसं धरून चाललो होतो.

पुढं पेपरातल्या जाहिराती कमी झाल्या आणि सगळं मोबाइलवर आलं. अण्णांनी चौथ्या मजल्यावर डिजिटल मार्केटिंगचं टेबल मांडलं आणि त्यावर उचगावची एक मुलगी बसवली. नुकतीच शिकून आलेली, बोलायला चटपटीत. तिच्या घरात अशी लॅपटॉपवरची नोकरी पहिल्यांदाच कुणाला तरी लागली होती. तिची आई म्हणे पहिल्या दिवशी वेशीपर्यंत सोडायला आली होती आणि बस हलेपर्यंत थांबली होती. हे तिनंच सांगितलं, हसत हसत. मी तेव्हा स्क्रीनकडेच बघत होतो.

तिची मागणी सकाळी सुरू व्हायची. सर, तीच जाहिरात चौकोनी द्या. सर, आता उभी द्या. सर, रीलचं कव्हर. सर, थोडं उठून दिसेल असं करा. एका सणाला पूर्वी एक जाहिरात लागायची, आता तिचीच दहा मापं. चूक तिची नव्हती, कामच तसं होतं. पण काम चौथ्या मजल्यावरून खाली येतंय, आणि एका पोरीच्या तोंडून येतंय, हे मला सोसेना.

आम्ही तिचं नाव 'अर्जंट' ठेवलं. लिफ्ट गिऱ्हाइकांसाठी राखीव, म्हणून तिला जिन्यानं यावं लागायचं. हे माहीत असूनच मी फोन करायचो, "ये खाली, दाखवतो." ती धापा टाकत यायची आणि मी म्हणायचो, "फाईल उघडतीय अजून. थोड्या वेळानं ये." ती वर पोचली की परत फोन. माझ्या हाताखालचा एक जण तिची नक्कल करायचा, ओढणीनं घाम पुसत "सर, थोडं उठून दिसेल असं," आणि ती समोर उभी असली तरी करायचा. तीही हसायची. तिला वाटायचं, आपल्याला घरातलं समजून चिडवतात.

तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर भांडलं असतं. तिनं व्यवस्था लावली. कुठलं काम कधी मागितलं, कधी पाहिजे, कुणाकडं आहे, हे सगळ्यांना दिसेल असं तिनं कॉम्प्युटरच्या एका पडद्यावर मांडलं. वेळेत असलेलं काम हिरवं, उशिराचं लाल. "तुमचाच वेळ वाचेल सर, कोण केव्हाही येऊन अर्जंट म्हणणार नाही," असं ती मला म्हणाली. बरोबरच म्हणाली. मला ते तेव्हाही कळलं होतं.

सोमवारच्या मीटिंगला अण्णांनी तो पडदा बघितला. लाल ओळी होत्या त्या सगळ्या माझ्या. मीच रखडवलेल्या, तिची जिरवायला. अण्णा बराच वेळ बघत राहिले आणि मग खदाखदा हसले.

"आर्टिस्ट, इतकी वर्षं लाल कर, लाल कर म्हणून कानीकपाळी वरडलो. केलं न्हाईस. पोरीनं तुलाच लाल करून दावलं की!"

सगळं दुकान हसलं. साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकासुद्धा. ती तेवढी हसली नाही. नंतर मुद्दाम खाली आली आणि म्हणाली, "सर, रंग आपोआप बदलतो. मी नाही केला." मी म्हणालो, "असू दे गं." इतक्या गोड आवाजात मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

त्याच आठवड्यात दुकानाचा वर्धापनदिन होता. पोस्टवर दोन फोटो पाहिजे होते, अण्णांच्या वडिलांचा आणि आईचा. दुकान ह्या दोघांनी उभं केलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई होत्या. त्यांना सगळे अव्वा म्हणायचे. मूळच्या सीमेपलीकडच्या, बोलता बोलता मध्येच कानडीत शिरणाऱ्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या दुकानात यायच्या बंद झाल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या त्या मुलीनं त्यांना कधी बघितलेलंच नव्हतं.

वडिलांच्या फोटोला मी चंदनाचा हार घातला. बकरा पाहिजे होता, म्हणून तोच हार अव्वांच्या फोटोलाही घातला. अण्णांची नजर पडताच ते कडाडले असते, "आरं, म्हातारी जित्ती हाय की रं!" मी एका क्लिकमध्ये हार काढला असता. नेहमीचाच खेळ. इथपर्यंत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, हे खरं आहे. ह्यापुढचं मी एक जण सोडली तर आजवर कुणाला खरं सांगितलेलं नाही.

पोस्ट रविवारी जायची होती. त्या रविवारी अण्णा पोस्ट न बघताच जोतिबाच्या खेट्याला, म्हणजे माघातल्या रविवारच्या डोंगरवारीला, गेले. खेट्याला ते पायी जातात आणि फोन घरी ठेवतात, हे दुकानातल्या शिपायालाही ठाऊक आहे. अण्णा नसले तर आर्टिस्टचं ओके चालेल, हा नियमही अण्णांचाच. मी मटणाच्या रांगेत उभा होतो तेव्हा तिचा मेसेज आला.

"सर, अण्णांचा फोन लागत नाही. पोस्ट आत्ता टाकायची आहे. दोन्ही फोटोंना हार आहे, ते बरोबर आहे ना? फायनल ना सर?"

मी मेसेज वाचला. परत वाचला. तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. मी नुसतं 'थांब' लिहिलं असतं तरी पुरलं असतं. माझ्या डोळ्यांपुढं त्या लाल ओळी आल्या आणि घड्या घालता घालता हसणाऱ्या बायका आल्या. मी अंगठा पाठवला. खिशात फोन ठेवला आणि खाटकाला म्हणालो, "पावणं, चरबी जरा कमी टाका."

नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. घाईत होतो, नीट वाचलं नाही, पोरीला थोडी अक्कल येईल एवढंच मनात होतं. ते सगळं खोटं. मला ती पडायला पाहिजे होती.

दुपारपर्यंत कोल्हापुरात बातमी झाली. पोस्टखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. 'मोठी माउली गेली.' 'मातीला कधी?' दुकानाचा फोन वाजायचा थांबेना. मला फोन आला तसा मीही अण्णांच्या घरी गेलो. न जाऊन चाललं नसतं.

दारात चपलांचा खच पडला होता. अव्वा सोप्यात खुर्चीवर बसून लसूण सोलत होत्या आणि समोर माणसं तोंडाला पदर, रुमाल लावून उभी होती. कुणाला आत यावं की परत जावं ते कळत नव्हतं. तेवढ्यात अव्वांची धाकटी बहीण गडमुडशिंगीहून रिक्षानं आली. गल्लीच्या तोंडापासूनच तिनं हंबरडा फोडला होता. ऊर बडवत ती उंबऱ्यात आली.

अव्वांनी विचारलं, "कोण गेलं गं?"

"तूच की!" ती किंचाळली. मग बहिणीला जिवंत बघून तिचं डोकं सटकलं. तिनं अव्वांच्या पाठीत दोन धपाटे घातले. "रांडं, जित्ती हाईस तर कळवायचं न्हाईस व्हय? रिक्षात दोनदा चक्कर आली मला!"

माणसं हसायला लागली. अव्वाही हसल्या. मग त्यांनी कुणाचा तरी मोबाइल मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि आपला फोटो बघितला.

"हार चंदनाचा हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "बरा दिसतोय. जितेपणी कुणी घातला न्हवता."

मी भिंतीला टेकून उभा होतो. एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित आयुष्यभर ही गंमत म्हणून सांगत फिरलो असतो. पण अव्वांनी खालचं सगळं वाचून घ्यायला लावलं. कुणी काय लिहिलंय, कोण आलंय, कोण आलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ, ज्याला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवला, त्यानं पोस्टखाली दोन जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं. तेवढंच. फोन नाही, येणं नाही.

"बघितलंय म्हणायचं त्यानं," अव्वा म्हणाल्या. "बघून बसलाय घरात." पुढं मरेपर्यंत अव्वा त्या भावाशी बोलल्या नाहीत.

सोमवारी अण्णांनी आम्हाला समोर उभं केलं. मुलगी आधीच रडून आली होती. तिनं आपला फोन अण्णांपुढं धरला. तिचा मेसेज आणि खाली माझा अंगठा. अण्णांनी चष्मा लावला. बकऱ्यासाठी त्यांना कधी चष्मा लागला नव्हता.

"आर्टिस्ट, अंगठा तुझा हाय?"

"माझाच आहे. पण अण्णा, अंगठा म्हणजे मेसेज बघितला, एवढंच. दिवसाला शंभर टाकतो. टाक म्हणून मी कुठं सांगितलं?"

"सर," ती म्हणाली, "मी हाराचं विचारलं होतं की."

"विचारलंस तर उत्तराची वाट बघायची होती. अर्जंट पाहिजे ना तुला सगळं?"

हे मी बोललो. तिच्या डोळ्यांत बघून बोललो.

अण्णा एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिले. मग चष्मा काढून घडी करत म्हणाले, "पोरी, उद्यापास्नं येऊ नगंस. म्हातारीच्या जिवाचा खेळ झालाय, मला कुणाला तरी काढायलाच पायजे."

ती जिन्यानं वर गेली, पिशवी घेतली, जिन्यानंच खाली आली. त्या संध्याकाळी मला तिचा एक मेसेज आला. "सर, तुम्ही अण्णांना खरं सांगा ना. माझ्या आईला पण वाटतंय मीच केलं." मी उत्तर दिलं नाही. अंगठासुद्धा पाठवला नाही.

तिला दुसऱ्या दुकानात नोकरी लागली नाही. आमच्या बाजारात माणसाला चिकटलेलं नाव धुऊन जात नाही. मुलाखतीला गेली की विचारायचे, "जित्त्या म्हातारीला हार घालणारी तूच न्हवं?" आणि चहा पाजून परत पाठवायचे. हे मला चहाच्या टपरीवर कळायचं. मी हसणाऱ्यांत हसायचो. तिचा पडदा आम्ही बंद करून टाकला. तळघरात बकरा चालूच राहिला.

मग अव्वा खरोखरच गेल्या. अण्णा डोळे सुजवून तळघरात आले. इतक्या वर्षांत ते स्वतःहून पायऱ्या उतरून फार कमी वेळा आले होते. म्हणाले, "ती फाईल हाय न्हवं? काढ."

मी काढली. वर्धापनदिनाच्या ओळी पुसल्या, वडिलांचा फोटो काढला, अव्वांचा मधोमध आणला. हाराला हात लावायची गरज नव्हती. तो जिथं पाहिजे तिथंच होता. अण्णा माझ्या खुर्चीमागं उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील लाल कर.

"ह्यात बकरा कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मी खुर्ची फिरवून त्यांच्याकडं बघितलं.

"पयल्या वर्षापास्नं म्हाईत हाय मला," अण्णा म्हणाले. "तू बांधायचास, मी धरायचो. तुझंबी भागायचं, माझंबी."

"मग त्या दिवशी..." मी म्हणालो. "त्या मुलीला..."

"कळलं होतं की. फोन हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं." त्यांनी नाक शिंकरलं. "सणावाराचं तोंड होतं. तुला काढला असता तर जाहिराती कुणी केल्या असत्या? तसली पोरगी दुसरी मिळती." मग स्क्रीनकडं बोट केलं. "टाक आता. फायनल हाय."

पोस्ट टाकली. पहिलीच कमेंट आली, 'आता खरंच का?' त्याखाली हसरे चेहरे. दुकानात फोन यायला लागले, माणसं खात्री करून घेत होती. गेल्या वेळी फसलेली माणसं ह्या वेळी घरातच बसली. अव्वांना खुर्चीत बसवून, विभूती लावून, खऱ्या फुलांनी मढवून बाहेर काढलं तेव्हा गल्लीत पहिल्या वेळच्या निम्मीसुद्धा माणसं नव्हती. गडमुडशिंगीची बहीण माती झाल्यावर पोचली. "मला वाटलं परत त्या दुकानवाल्यांनी..." एवढंच तिला बोलता आलं.

त्यानंतर मी उचगावला गेलो. मुलीचं आणि तिच्या भावाचं फ्लेक्स छापायचं छोटं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. वाढदिवसाचा कुणाचा तरी भलामोठा बोर्ड मशीनमधून हळूहळू बाहेर येत होता. तिनं मला ओळखलं, उठली नाही.

मी सगळं सांगितलं. मेसेज पुरा वाचला होता, हार मुद्दाम होता, अंगठा मुद्दाम होता, आणि बकऱ्याबद्दलही सांगितलं.

"मला माहीत होतं सर," ती म्हणाली. "बकऱ्याचं नव्हतं माहीत. पण तुम्ही वाचलं होतं, हे माहीत होतं."

"मी काय करू सांग."

"माझ्यासाठी काही नको." तिनं आतल्या दाराकडं बघितलं. "आईला सांगा. पाहुणे येतात तेव्हा ती अजून सांगते, आमच्या पोरीनं एवढी चांगली नोकरी घालवली म्हणून. मी सांगितलेलं तिला खरं वाटत नाही. म्हणते, एवढा शिकलेला मोठा माणूस कशाला खोटं बोलेल?"

तेवढ्यात आईच चहा घेऊन बाहेर आली. छोटीशी बाई, हाताला कणीक लागलेली. "पावणं कुठलं?" तिनं विचारलं.

"दुकानातला आहे. साड्यांच्या." मी म्हणालो.

तिचा चेहरा एकदम पडला, मग उजळला. कप माझ्या हातात देऊन ती खाली वाकून बोलायला लागली. "चूक झाली ओ पोरीच्या हातनं. लई मोठी चूक झाली. पर पोरगी वाईट न्हाय. घाईगडबडीत करून बसली. परत घेता येतंय का बगा की सायेब. मी पाया पडते तुमच्या मालकाच्या."

मुलीनं मशीन बंद केलं. ती माझ्याकडं बघत होती. इतक्या सोप्या संधीसाठी मी तिथवर गेलो होतो. चहा गोड होता, त्यात आलं होतं.

"बघतो," मी म्हणालो. "सांगून बघतो अण्णांना."

"लई उपकार होतील," आई म्हणाली.

मी उठलो. मुलगी दारापर्यंत आली. मी गाडीला किल्ली लावली आणि मागं बघितलं, तेव्हा तिनं मला अंगठा दाखवला आणि आत जाऊन मशीन सुरू केलं.

तोंडानं मला ते जमणार नाही, हे त्या दिवशी कळलं. पण चहा पिताना खोलीत एक गोष्ट बघितली होती. पेपरांची रद्दी नीट घड्या घालून ठेवलेली, आणि वर चष्मा. आई बाहेर यायच्या आधीच मुलगी बोलता बोलता म्हणाली होती, आई छापलेलं सगळं वाचते, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचते. म्हणून हे छापायला देतोय. नावं घातलेली नाहीत, पण हाराची गोष्ट उचगावात कुणाला सांगावी लागत नाही.

मावशी, चहा घेऊन तुमच्याशी खोटं बोलून गेलेला पावणा मीच. तुमच्या पोरीनं चूक केली नव्हती. तिनं विचारलं होतं. अण्णांना मी काही सांगून बघितलेलं नाही, आणि बघणारही नव्हतो. तिला परत घेणार नाहीत, तुम्ही वाट बघू नका. पाहुणे आले की एवढंच सांगा, की तिनं विचारलं होतं.